गाडीला दिसलेला माणूस

तू म्हणतोस ते खरं आहे. समोर माणूस दिसला की नवी गाडी आपणहून ब्रेक मारते. आज चौकात तुझ्या गाडीनं त्या सायकलवाल्याला वाचवलं, ते मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलं, आणि हातातला चहा माझ्याच मांडीवर सांडला. तुझा काका यंत्रांना नावं ठेवणारा म्हातारा नाही. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात माझी उभी हयात गेली. हमरस्त्यावर कॅमेरे आले, वेग दाखवणारे फलक आले, गाड्यांना डोळे मिळाले, आणि माझं काम निम्म्यावर आलं. त्यानं माझ्या पोटात दुखलं नाही, उलट रात्रीची झोप लागायला लागली. तेव्हा गाडीला माणूस दिसतो, यात वाद नाही. पण कुठला माणूस दिसतो, हे कधी विचारलंस?

तो दिवा बारीक कर. ज्याला झोप येत असेल त्यानं आत्ताच आत जावं. रात्री कोणी किंचाळत उठलं, की तुमची काकू माझ्यावर उखडते. आणि मधेमधे हसायचं नाही. ज्या मिस्त्रीची ही गोष्ट आहे त्यानं ती मला स्वतः सांगितली, तीही भर दुपारी.

त्याचं गॅरेज हमरस्त्याला लागून, पेट्रोल पंपाच्या पलीकडे. बाप लोहारकाम करायचा. पोरानं इंजिनं शिकून घेतली आणि पन्नाशी जवळ आल्यावर लॅपटॉपही शिकला. आता गाडीचं पोट फाडावं लागत नाही, वायर जोडली की ती आपलं दुखणं आपणच सांगते. मिस्त्री म्हणायचा, आमची बायको याच्याही पुढे आहे, ती वायर न जोडताच सांगते. त्याच्या हाताला यश होतं, जिभेवर साखर होती, आणि कोणाला नाही म्हणायची सवय नव्हती. ती सवय नसणंच त्याच्या अंगाशी आलं.

एक दिवस दवाखानावाल्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली. तक्रार अशी, की कालव्याच्या पुलाआधीचं वळण घेतलं की गाडी करकचून थांबते. फक्त अंधार पडल्यावर. बाईंच्या कपाळावर स्टिअरिंग आपटून टेंगूळ आलं होतं. मिस्त्रीनं कॅमेऱ्याची काच पुसली, रडार तपासलं, सगळं ठणठणीत. मग संध्याकाळी दिवेलागणीनंतर तो स्वतःच गाडी घेऊन निघाला. पुलापर्यंत जाऊन येतो, आल्यावर जेवू, असं बायकोला सांगून गेला.

रस्ता मोकळा होता. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला कालवा. वळण आलं. गाडी टूं टूं करायला लागली आणि असा ब्रेक लागला, की पट्टा छातीत रुतला. समोरच्या पडद्यावर रस्त्याचं चित्र असतं ना, तिथं नारिंगी रंगात माणसाची आकृती उभी होती. डोकं, खांदे, दोन पाय. तुझ्या गाडीत दिसते तशीच. मिस्त्रीनं काचेतून पाहिलं. दिव्यांच्या उजेडात डांबर, पांढरा पट्टा आणि पुलाचा लोखंडी कठडा. दुसरं काही नाही. मागून येणारा मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला आणि मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुढे गेला.

मिस्त्री घाबरला वगैरे नाही. त्यानं अंदाज बांधला, की रडारचे तरंग कठड्याच्या लोखंडावर आपटून परत येत असतील आणि गाडीला माणसाचा भास होत असेल. अंदाज वेड्यासारखा नव्हता, तसं होतंही कधीकधी. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये म्हणे ब्रेकच्या त्या यंत्रणेला हात लावायला मनाई असते. मिस्त्रीनं वायर जोडली आणि ती बंद करून टाकली. पडद्यावर आकृती यायची ती येणार, टूं टूं व्हायचं ते होणार, गाडी तेवढी थांबणार नाही. डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या वळणावर एक टॅक्सी अशीच आपोआप थांबली. तिच्या मागं लोखंडी सळ्यांचा ट्रक होता. तो थांबला नाही, सळ्या तर त्याहून नाही. टॅक्सीच्या मागच्या काचेतून आत आणि पुढच्या काचेतून बाहेर. मधे चार माणसं होती. गाडी तपासायला मी गेलो होतो. माणसं काढायला सळ्या कापाव्या लागल्या, आणि कापताना त्या हलल्या की माणसंही हलायची. एका सळीला चष्मा अडकलेला होता, काचा धड. कॅमेरे लागल्यापासून त्या रस्त्यावर असं मरण कोणी पाहिलं नव्हतं.

मग काय, गॅरेजपुढं रांग लागली. आमचीही बंद करा, आमचीही बंद करा. मिस्त्रीनं जीपा केल्या, टॅक्स्या केल्या, स्वतःची गाडी केली. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त दुधाचा टँकर चालवायचा. अंगानं आडवा, म्हणून सगळे त्याला ढोल्या म्हणायचे, आणि तोही हाकेला ओ द्यायचा. त्याच्या नव्या टँकरचा ब्रेकही मिस्त्रीनं बंद केला. ढोल्या म्हणाला, चला, आता मालक मी, टँकर नाही. दोघं पोट धरून हसले. वळणावरचे अपघात बंद झाले, आणि मिस्त्रीला वाटलं आपल्या हातून मोठं पुण्याचं काम झालं.

पुढं पोचे यायला लागले.

पहिली डॉक्टरीणबाईंचीच गाडी. बॉनेट पुढून आत गेलेलं. कुठं धडकली, विचारलं, तर बाई म्हणाल्या कुठंच नाही. बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. वळणावर धप्पकन आवाज झाला, खाली उतरून पाहिलं, काही नव्हतं. मग एक जीप आली. मग टॅक्सी. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, सगळ्यांचा पोचा एकाच उंचीवर, उभ्या माणसाच्या मांडीजवळ. मिस्त्री हातोडीनं पत्रा सरळ करून द्यायचा. पुढच्या खेपेला पोचा आणखी खोल असायचा.

एका जीपच्या जाळीत काहीतरी अडकलं होतं. मिस्त्रीनं पक्कडीनं ओढून काढलं. नारिंगी जाकिटाचा तुकडा होता, रस्त्यावर काम करणारे घालतात तसल्या जाकिटाचा, त्यावर चमकणारी रुपेरी पट्टी. तिला चिकटून कातडं होतं. त्यावर केस. जीप दोन दिवस गॅरेजात उभी होती आणि ते कातडं अजून गरम होतं.

पक्कड त्याच्या हातातून गळून पडली. कारण ते जाकीट त्याला ओळखीचं होतं. रस्ता नवा करत होते तेव्हाची गोष्ट. त्या वळणावर एक मजूर रात्रपाळीला डांबरात चमकणारे खिळे बसवत होता, अंधारात गाडीवाल्यांना रस्ता दिसावा म्हणून. कोणीतरी त्याला उडवलं. उडवणारा थांबला नाही. मागचा थांबला नाही. त्याच्या मागचाही नाही. कुत्रं असेल, पोतं असेल, असं म्हणत रात्रभर गाड्या त्याच्यावरून गेल्या. सकाळी फावड्यानं खरवडून त्याला घमेल्यांत भरलं. मजुरांचा टेम्पो ओढून आणायला मिस्त्री गेला होता, त्यानं ती घमेली पाहिली होती. शाबूत राहिल्या होत्या त्या फक्त जाकिटाच्या पट्ट्या.

म्हणजे ज्या गाड्या थांबत होत्या, त्या त्याच्यासाठी थांबत होत्या. माणसांना तो दिसत नव्हता, गाड्यांना दिसत होता. आणि मिस्त्रीनं त्या गाड्यांना थांबूच दिलं नाही. आता त्या रोज रात्री त्याला तुडवून जात होत्या.

त्यानं पाइप लावून जाळी धुतली. पाणी गटारापर्यंत लाल गेलं. बायको मागच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं सगळं काढून घेतलं त्याच्याकडून आणि म्हणाली, सगळ्यांच्या गाड्या परत बोलवा आणि होतं तसं करून द्या. मिस्त्री चिडला. इकडे आड तिकडे विहीर झालं होतं त्याचं.

"चालू केलं की गाडी थांबणार, आणि मागचा ट्रक जिवंत माणसांचा चेंदा करणार," तो म्हणाला. "तो तर मेलेलाच आहे. मेलेल्याला काय, एकदा मेला काय आणि शंभरदा मेला काय."

बायकोनं पाइप बंद केला. "हे त्याच्या तोंडावर म्हणाल?" तिनं विचारलं, आणि आत गेली.

डिसेंबरची सोळा तारीख. शनिवारची रात्र. दीड वाजायला पाच मिनिटं कमी होती. मिस्त्रीची एकुलती एक लेक बाळंतपणाला आली होती. दिवस भरले नव्हते. ती ओरडत उठली आणि बायकोनं दिवा लावला तर गादी रक्तानं भिजलेली. जावई परगावी नोकरीवर. अँब्युलन्सवाले म्हणाले, यायला तास लागेल. तेवढा वेळ नव्हता, ते दिसतच होतं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जशी असेल तशी घेऊन या, मी तयारीत आहे.

दवाखाना पुलापलीकडे.

मिस्त्रीनं लेकीला उचलून मागच्या सीटवर निजवलं. तिचं डोकं आईच्या मांडीवर. गाडी काढली. लॅपटॉप जोडून ब्रेक चालू करावा, असं मनात आलं होतं त्याच्या. पण त्यात वेळ गेला असता, आणि चालू करून करणार काय? तो सरळ निघाला. मागून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. मग ते बारीक होत गेलं. त्याची त्याला जास्त भीती वाटली.

पंपापाशी मागून दिवे आले. एक पांढरा, एक पिवळट. ढोल्याचा टँकर. दिवा बदल म्हणून मिस्त्री त्याच्या कितीदा मागं लागला होता. टँकर भरलेला होता, जोरात होता आणि नेहमीप्रमाणे शेपटीला चिकटलेला. मिस्त्रीनं चारी दिवे लुकलुकवले, मागं राहा म्हणून. ढोल्याला वाटलं दोस्त रामराम करतोय. त्यानं खुशीत हॉर्न वाजवला.

आता थांबायची सोयच नव्हती. गाडी थांबली तर टँकर आधी मागच्या सीटवर चढणार. आणि मागच्या सीटवर लेक.

वळण आलं.

टूं... टूं...

पडद्यावर आकृती. आजवर कडेला असायची. आज मधोमध.

मिस्त्रीनं काचेतून पाहिलं. डांबर. पांढरा पट्टा. कठडा. आणि मधे... दोन रुपेरी पट्ट्या. हवेत. छातीच्या उंचीवर. त्यांच्या मागं कोणी नव्हतं.

टूं टूं टूं...

"बाबा." लेक अर्धवट उठली होती. "बाबा, थांबा. माणूस आहे."

त्यानं आरशात पाहिलं.

"हात दाखवतोय तो, बाबा..."

मिस्त्रीचा पाय ब्रेकवर गेला. आरशात टँकर. पांढरा दिवा, पिवळा दिवा, दोन्ही काचेएवढे. पाय उचलला. ॲक्सिलरेटरवर ठेवला.

दाबला.

धाड...

बॉनेट दुमडलं. काहीतरी जड काचेवर आलं. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी फुटली. त्यात एक तोंड... तोंड कुठलं, तोंडाची जागा. दात होते. मग ते खाली गेलं. पुढचं चाक वर उचललं. खाली आलं. कड्. मागचं चाक वर उचललं...

खाली आलं.

कड्.

लेक ओरडली नाही. बायकोही नाही.

मागं टायर किंचाळले. आरशात दिवे आडवे झाले. पांढरा वर, पिवळा खाली. कठडा तुटल्याचा आवाज. मग पाण्याचा.

मग काहीच नाही.

मिस्त्री थांबला नाही. ढोल्या पडलाय हे त्याला कळत होतं. बालपणीचा दोस्त कालव्यात पडलाय आणि आपण निघून जातोय, हे कळत होतं. तो रडत होता, असं बायकोनं नंतर सांगितलं, मोठ्यानं, लहान पोरासारखा. पण पाय उचलला नाही. बायकोनं मागून फोन लावून पोलिसांना कळवलं.

माणसं पोचली तेव्हा ढोल्या जिवंत होता. केबिन चेपून त्याच्या कमरेवर बसली होती, खालचं धड कुठं संपतं आणि पत्रा कुठं सुरू होतो, ते कळत नव्हतं. कालव्यात दूध सांडलं होतं, त्यात तो छातीपर्यंत, आणि दूध गुलाबी झालं होतं. शुद्धीवर होता. लोक पत्रा कापायला लागले तर त्यांच्यावर चिडला. म्हणाला, मी ब्रेक मारला, मला तो दिसला, पुढच्या गाडीनं त्याला उडवलं, तो रस्त्यात पडलाय, आधी त्याला उचला. लोकांनी बॅटऱ्या मारून सगळा रस्ता पाहिला. कोणी नव्हतं. ढोल्या तेच म्हणत राहिला, आधी त्याला उचला. असं म्हणतच गेला.

जन्मात एक माणूस त्या मजुरासाठी थांबला, तो ढोल्या. तोही मेला. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणत नाही. मला अजून राग येतो.

लेक वाचली. मुलगी झाली, मूठभर, पण रडली खणखणीत. त्या रात्रीचं लेकीला काही आठवत नाही, आणि घरात कोणी आठवण करून देत नाही. मिस्त्रीनं उजाडल्यावर गाडी पाहिली. बॉनेट घडी घातल्यासारखं, काच फुटलेली. रक्ताचा थेंब नव्हता. त्यानं गाडी गॅरेजमागच्या अंगणात आणून लावली ती लावली.

ढोल्याचं दहन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीनं गावातल्या गाड्या परत बोलावल्या. हात जोडून बोलावल्या. एकेकीचा ब्रेक चालू करून दिला, पैसे न घेता. लोक बिचकत होते, वळणावर गाडी थांबली म्हणजे? पण थांबली नाही. एकही नाही. वळणावर आता गाड्यांना कोणी दिसेना. तिथं तेव्हापासून साधा आरसासुद्धा फुटलेला नाही. रस्त्याच्या कंट्रोल रूमवाले लोकांना अभिमानानं सांगतात, की कॅमेऱ्यांमुळं आमचं सगळ्यात सुरक्षित वळण ते. सांगोत बापडे.

मिस्त्रीला वाटलं, सुटलो. सुटतोय कसला!

नात अडीच वर्षांची झाली. आईबरोबर आजोळी आली होती. मिस्त्रीनं एकदाची ती गाडी भंगारात द्यायची ठरवलं, नातीच्या खेळायच्या जागेत तसलं काही नको म्हणून. भंगारवाला दुपारी यायचा होता. मिस्त्रीनं दुसरी बॅटरी लावली, किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. नात ओसरीवर आजीपाशी बसली आहे, हे त्यानं पाहून घेतलं होतं. रिव्हर्स टाकला.

गाडी वीतभर मागं गेली. आणि थांबली.

करकचून.

पट्टा छातीत रुतला. मिस्त्रीचा पाय ब्रेकवर नव्हता. या गाडीचा आपोआप लागणारा ब्रेक त्यानं स्वतःच्या हातानं बंद केला होता आणि परत चालू केलाच नव्हता. सगळ्या गावाचे केले, हा राहिला होता.

टूं... टूं...

त्यानं मान वळवली. मागच्या काचेच्या खालच्या कडेला नातीचं डोकं. नुसते कुरळे केस. डिकीला टेकून उभी. कधी उतरली ओसरीवरून, कोणाला कळलं नव्हतं. आणखी वीतभर गाडी गेली असती तर...

ती एकटी होती. त्यानं नीट पाहिलं. अंगण रिकामं. एकटीच.

मग पडद्याकडं पाहिलं.

गाडीच्या मागं नारिंगी आकृती. लहान. तिच्या शेजारी दुसरी.

मोठी.

मिस्त्रीला दार उघडवेना. त्यानं काच खाली केली. हाक मारली.

"चिमणे... इकडे ये. आजोबांकडे ये."

पडद्यावर लहान आकृती हलली. गाडीच्या कडेकडेनं त्याच्या दाराकडं यायला लागली.

तिच्याबरोबर मोठीही निघाली.